चोविसावी कामटी

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी परडी आणायला मंडईकडे गेले, की परत येताना बुरूड आळीतून यायचं नाही असं मी दर वर्षी ठरवते, आणि दर वर्षी पाय तिकडेच वळतात. पाऊस नुकताच आवरलेला असतो, ऊन बोचायला लागलेलं असतं, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना ताजे बांबू भिंतींना टेकून उभे असतात. नुकत्याच फाडलेल्या ओल्या बांबूला एक वास येतो. मक्याच्या कणसाचं हिरवं साल सोलताना येतो, त्याच्या जवळपासचा. त्या वासाची अजून कुणी उदबत्ती काढलेली नाही, हे माझं नशीब. काढली असती तर मला देवळात जाणंही बंद करावं लागलं असतं.

यंदा परडी घेतली, आणि तशीच न जाता पातळ पट्ट्यांची एक जुडी पण घेतली. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "कशाला पाहिजे, ताई?" मी म्हटलं, "एक राहिलेलं काम आहे." त्यांनी जुडी सुतळीनं बांधून दिली. बुरूड आळीत लोक बाळाच्या पाचवीच्या सुपासाठी येतात, लग्नातल्या झालीच्या टोपलीसाठी येतात आणि तिरडीच्या बांबूंसाठीही येतात. राहिलेल्या कामांचं तिथे कुणाला कौतुक नाही.

काम आमच्या हॉलमध्ये उभं आहे. खिडकी आणि टीव्ही यांच्या मधोमध, माझ्या छातीइतकं उंच. खाली रुंद, मध्ये कमरेत आवळलेलं, वर पुन्हा उमलत गेलेलं, आणि अगदी वर नुसत्याच उभ्या कामट्या, विणायच्या राहिलेल्या. येणारा प्रत्येक जण विचारतो, "हे काय आहे?" मी म्हणते, "टोपली." मग ते विचारतात, "यात ठेवता काय?" मी म्हणते, "काही नाही." सदाशिव पेठेत अशा वेळी कुणी 'छान आहे' म्हणत नाही. 'धूळ बसत असेल,' म्हणतात. बसते. दर रविवारी मी ती रंगाच्या ब्रशनं झाडते, आणि झाडताना वरच्या मोकळ्या कामट्यांना हात लागणार नाही असं बघते.

हे सगळं आमच्या ह्यांचं. म्हणजे अर्धं ह्यांचं, अर्धं माझं.

हे ड्राफ्ट्समन होते. कारखान्यात पंपांचे नकाशे काढायचे. तिरक्या बोर्डासमोर उंच स्टुलावर बसून, शाईच्या पेनानं, ट्रेसिंगच्या कागदावर. रेषेच्या जाडीवरून ह्यांचं तरुण पोरांशी भांडण व्हायचं. नकाशाखाली अक्षरं काढायचे ती छापल्यासारखी. आमच्या मुलाच्या मुंजीची पत्रिका ह्यांनी स्वतः हातानं लिहिली होती, आणि लोकांनी विचारलं होतं, कुठल्या प्रेसमध्ये केलीत. मी टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये होते. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, हातात दोऱ्या. ही दोरी या भोकात, ती त्या भोकात, आणि नागपूरचा माणूस पुण्याच्या माणसाशी बोलायला लागायचा. दोघांचीही कामं एकाच सुमारास गेली. गल्लीगल्लीत पिवळे एसटीडीचे बूथ आले आणि आम्हाला दुसऱ्या टेबलांवर बसवलं. ह्यांच्याकडे बोर्ड काढून संगणक ठेवले. ह्यांनी सहा महिने माउस हाताळून पाहिला. "रेष मी काढत नाही, ती मला विचारून स्वतःच निघते," असं म्हणायचे. पुढे स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. तिच्यातला 'स्वेच्छा' हा शब्द कुणाच्या इच्छेला उद्देशून होता ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण ह्यांनी सही केली.

त्या सहीकडे मी तेव्हा नीट पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी कळलं नसतं. अक्षर बारीक व्हायला लागलं होतं. वाण्याच्या यादीत पहिली ओळ ह्यांच्या अक्षरात असायची आणि शेवटची मुंगीच्या अक्षरात. ह्यांना वाटलं चष्म्याचा नंबर बदलला. नंबर बदलून आणला. मग एक दिवस पेपर वाचताना उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत होता, जपाची माळ ओढल्यासारखा, आणि ह्यांना जप करायची सवय नव्हती. डॉक्टर म्हणाले, कंपवात. गोळ्या आहेत, पण मागे जायचा रस्ता नाही. जिना उतरताना हे एवढंच म्हणाले, "हातावरच यायचं होतं का याला!"

एक गोष्ट मात्र विचित्र होती. हात रिकामा असला की थरथरायचा. काही धरलं, की बऱ्यापैकी शांत व्हायचा. म्हणून हे घरात सतत काहीतरी हातात धरून हिंडायचे: किल्ली, चमचा, रिमोट. मी चिडायचे. रिमोट हरवला की तो ह्यांच्या हातात सापडायचा.

मुलगा हिंजवडीला होता. त्याच्या कंपनीत शनिवारच्या वर्गांची कूपनं वाटली होती. कुणाला योग, कुणाला गिटार, ह्याच्या नशिबी आलं 'बांबू विणकामातून शिल्प'. त्याला झोपायला वेळ नव्हता. कूपन टेबलावर ठेवून म्हणाला, "बाबा, तुम्ही जा ना. टाइमपास होईल. आई, तू पण जा, बाबांना रिक्षातून एकटं नको सोडू." म्हणजे मी गेले ती सोबतीला. हे नीट सांगून ठेवते, कारण पुढे माझ्याच अंगावर आलं.

वर्ग बिबवेवाडीत होता. ग्रिलच्या कारखान्याला लागून एक पत्र्याची शेड. शेजारी दिवसभर लोखंड कापायचं मशीन किंचाळायचं, आणि इकडे शेडमध्ये आय.टी.तली तरुण मुलं-मुली चटईवर बसून बांबूच्या पट्ट्या पाण्यातून काढायची. शिकवणारी वैदेही, पस्तिशीची असेल. बडोद्याला शिल्पकला शिकलेली, दगड आणि धातू सोडून टोपल्यांकडे वळलेली. तिनं केलेल्या वस्तू छताला लटकत होत्या. एक तर जुन्या टेलिफोनच्या वायरींची विणलेली होती. लाल, निळी, पिवळी. मी त्या वायरींकडे बराच वेळ बघत राहिले. त्या मला ओळखू येत होत्या.

पहिल्याच दिवशी ह्यांनी विचारलं, "मॅडम, यात ठेवायचं काय?"

"काही नाही, काका. आतली जागा असते ना, तिलाच आकार द्यायचा."

"म्हणजे पंपाच्या बॉडीसारखं," हे म्हणाले. "आमचं सगळं काम आतल्या जागेचंच असायचं." आणि चटईवर न बसता स्टूल मागून घेतलं. मी मनात म्हटलं, झालं, बसले हे.

शेजारची एक मुलगी पट्टी ओढता ओढता म्हणाली, "काका, किती थेरप्यूटिक आहे ना हे?" ह्यांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हाला काय झालंय?" ती गोंधळली. ह्यांचा हात तेव्हा पट्टीवर होता, त्यामुळे ह्यांना काय झालंय ते तिला दिसलं नाही. मी हसू दाबलं आणि त्याच क्षणी मला रडूही आलं. असं दोन्ही एकदम येण्याची नंतर सवय झाली.

लहान टोपल्यांवर हात बसल्यावर वैदेहीनं विचारलं, प्रत्येकाला काय करायचंय. मुलांनी घरटी, दिवे, फुलपाखरं सांगितली. हे पुढच्या शनिवारी नकाशा घेऊनच आले. वरून, समोरून आणि उभा छेद. रेष अजून नीट होती. पट्टी लावून काढली होती. अक्षरं मात्र मी लिहून दिली होती. वैदेहीनं कागद उजेडात धरला आणि हसली. "काका, टोपलीचा नकाशा आजवर कुणी काढला नव्हता." मग तिचं बोट तळाच्या वर्तुळावर थांबलं. "फक्त चोवीस कामट्या नका घेऊ. तेवीस घ्या नाहीतर पंचवीस."

"का?"

तिनं एका छोट्या टोपलीवर करून दाखवलं. उभ्या कामट्यांमधून पट्टी एकीच्या पुढून, एकीच्या मागून अशी जाते. कामट्या विषम असल्या, की फेरी पूर्ण होऊन पट्टी पुन्हा पहिल्या कामटीशी येते तेव्हा आधी जिच्या पुढून गेली होती, तिच्या आता मागून जाते. म्हणून वीण बसते. सम असल्या, की प्रत्येक फेरीला पुन्हा त्याच कामट्यांच्या पुढून आणि त्याच मागून. फेऱ्या नुसत्या एकावर एक साचतात, धरत कुणी कुणालाच नाही.

"म्हणून एक जास्तीची हवी. किंवा एक कमी. जोडी नसलेली."

हे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "पंचवीसनं भागलं तर चौदा पूर्णांक चार अंश येतात. चौदा पूर्णांक चार अंशाला मी आयुष्यात काही उभं केलेलं नाही."

"काका, बांबूला अंश कळत नाहीत."

"मला कळतात ना."

अर्धा तास चाललं हे. ग्रिलवाल्यांचं मशीन बंद झालं तरी ह्यांचं चालूच. शेवटी वैदेही थकून म्हणाली, "चोवीसच हव्या असतील तर मग दोन पट्ट्या लागतील. एकीची फेरी झाली, की तिच्यामागून दुसरीची. पहिली जिथे पुढून गेली तिथे दुसरी मागून. पण मग दोन माणसं बरी पडतात, एकट्याला दमवणारं आहे ते."

"आहे की दुसरी," हे म्हणाले. माझ्याकडे पाहिलंही नाही. नुसता अंगठा दाखवला, मी जिथे पर्स मांडीवर घेऊन बसले होते तिकडे.

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू! पस्तीस वर्षं संसार केला आणि विचारायचं म्हणून नाही. पण पर्स बाजूला ठेवली.

बांबू आणायला आम्ही दोघं बुरूड आळीत गेलो, तोही असाच आश्विन होता. दुकानातल्या बाईंनी तेव्हाही विचारलं, "कशाला पाहिजे, काका? तिरडीचे ते वेगळे, हां. ते नका नेऊ, नीट फाटत न्हाईत."

"शिल्पाला," हे म्हणाले.

"म्हंजे शोभेचं."

ह्यांना तो शब्द लागला. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "शोभेचं म्हणे. आयुष्यभर मी कागदावर काढलं आणि वस्तू दुसऱ्यांनी बनवल्या. हजारो पंप फिरताहेत कुठे कुठे, एकाला माझा हात लागलेला नाही. ही एक वस्तू मला स्वतः काठापर्यंत न्यायची आहे. काठ मी बांधणार. मग या हाताचं काय व्हायचं ते होऊ दे." लक्ष्मी रोडच्या गर्दीत रिक्षा अडकली होती. बांबूंची टोकं बाहेर आली होती आणि मागचा स्कूटरवाला आम्हाला शिव्या देत होता. मी ह्यांचा रिकामा हात धरून ठेवला. तो माझ्या हातात थरथरला आणि मग थांबला.

काठाचं एक असतं. काठ बांधेपर्यंत टोपली ही टोपली नसते. वरच्या कामट्या वाकवून, एकमेकींत अडकवून, पट्टीनं गुंडाळून घेतल्या की मग ती उचला, उलटी करा, आपटा, काही होत नाही. त्याआधी कुणाचा पदर जरी अडकला तरी वरच्या फेऱ्या सुटून येतात. ह्यांना काठ बांधायची घाई होती आणि घाई करता येत नव्हती.

तळ वैदेहीच्या शेडमध्ये झाला. कामट्या उभ्या केल्यावर ह्यांनी प्रत्येकीच्या पायाशी शाईनं आकडा घातला. एक, दोन, तीन. मी म्हटलं मी घालते. "नाही." पहिले आकडे सुरेख आले. दहाच्या पुढे लहान होत गेले. विसाच्या पुढे हे मोठ्या प्रयत्नानं हात उचलून पुन्हा टेकवत होते. शेवटचा आकडा म्हणजे एक ठिपका. हे तो ठिपका बघत बसले. वैदेहीनं चहा आणायला सांगितला. मग हेच म्हणाले, "मोजून घ्या. चोवीसच आहेत." कुणी मोजल्या नाहीत.

पुढे जिने चढणं-उतरणं जड जायला लागलं, म्हणून वस्तू टेंपोत घालून घरी आणली. एका जुन्या पाटाखाली फिरणारी चकती बसवून घेतली, त्यावर ती उभी केली. हे खिडकीपाशी खुर्चीत, मी समोर वेताच्या मोढ्यावर. ह्यांची फेरी चालू असताना मी पाट फिरवायचा, माझी असताना ह्यांनी. फेरी संपली, की एक नंबरची कामटी समोरच्याकडे वळवायची. म्हणजे पाळी त्याची. एवढाच काय तो आमचा नियम. पट्ट्या आंघोळीच्या बादलीत भिजत असायच्या, आणि आम्ही दोघं तांब्यानं छोट्या बादलीतून आंघोळ करायचो. दिवाळीत सून आली, तिनं न्हाणीघरात डोकावून पाहिलं आणि उटण्याची वाटी घेऊन तशीच परत आली. अभ्यंगस्नान त्या वर्षी शेजाऱ्यांच्या गीझरवर झालं.

ह्यांच्या फेऱ्या माझ्यापेक्षा घट्ट होत्या. पट्टी ओढून, नखानं खाली दाबून, मगच पुढे. माझी जरा सैल पडली की उसवायला लावायचे. "गॅप दिसतोय." "मला नाही दिसत." "म्हणून तर सांगतोय." शेजारच्या काकू म्हणायच्या, तुमच्याकडून आजकाल भांडणाचे आवाज फार येतात. मी म्हणायचे, हो, कला चालू आहे.

आज ती वस्तू बोटानं वाचता येते. खालपासून बोट वर नेलं, की एक फेरी कडक, एक मऊ, एक कडक, एक मऊ. कडक त्यांच्या. कमरेपाशी दोन्ही सारख्या होतात. किती दिवस त्या सारख्या होत्या, मला आठवत नाही. कार्तिक असेल, संध्याकाळी लवकर दिवा लावावा लागायचा. आणि कमरेच्या वर उलटं होतं. मऊ त्यांच्या, कडक माझ्या. पट्टी ओढायला जोर लागायचा तो संपत चालला होता. बोटं हुकूम ऐकायची, पण सरकारी कचेरीसारखी. अर्ज दिल्यावर बऱ्याच वेळानं. मी काही बोलायचे नाही. हे स्वतःच फट बघायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी म्हणायला हवं होतं 'गॅप दिसतोय'. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं त्यांना. पण माझ्यानं म्हणवलं नाही.

वैदेही बुधवारी येऊन बघून जायची. एकदा निघताना जिन्यात मला म्हणाली, "काकू, मी मदत करू का? दोन दिवसांत काठापर्यंत नेते." मी म्हटलं, "मग ते तुझं होईल." तिनं मान हलवली. खाली उतरेपर्यंत तिचं डोकं खालीच होतं.

मार्गशीर्षात एका दुपारी ह्यांनी एक फेरी घातली. जेवणानंतर सुरू केली आणि दिवेलागणीला संपली. मी पाट फिरवत होते, बोटाएवढं बोटाएवढं. संपल्यावर हे मागे टेकले, कपाळाला घाम होता. एक नंबरची कामटी माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "घ्या." मग हात मांडीवर ठेवले. ते थरथरत होते आणि आता काही धरायला द्यावं असंही मला सुचलं नाही.

पहाटे उठून वळताना हे पडले. खुबा मोडला. दवाखाना, ऑपरेशन, मग छातीत कफ, मग काचेपलीकडचं ते यंत्र. सगळ्यांच्या घरी होतं तसंच झालं, त्यात सांगण्यासारखं वेगळं काही नाही. शुद्धीत होते तेव्हा एकदाच विचारलं, आवाज इतका लहान झाला होता की कान तोंडाशी न्यावा लागला. "तुमची फेरी झाली?" मी म्हटलं, "झाली." झाली नव्हती. मला त्याचं काही वाटत नाही. तेव्हा तेच उत्तर होतं.

घरी आणलं तेव्हा खाली पार्किंगमध्ये सोसायटीतले लोक तिरडी बांधत होते. स्कूटर बाजूला सरकवून जागा केली होती. मी वरच्या गॅलरीतून बघत होते. बांबू हिरवे, ओले होते. तोच वास वर आला. आडव्या कामट्यांची एक गाठ ढिली बसली होती, ती मला वरून दिसत होती. मनात आलं, हे असते तर सोडून पुन्हा बांधायला लावली असती. आणि मग कळलं मी काय विचार करतेय. मुलानं मला धरून आत नेलं.

तेरावं झालं, पाहुणे गेले. मुलगा म्हणाला, "आई, आमच्याकडे चल." मी म्हटलं, बघू. पट्ट्या वाळून कडक झाल्या होत्या, त्या पुन्हा भिजवल्या आणि माझी फेरी घातली. पाट स्वतःच फिरवायचा, स्वतःच विणायचं. संपल्यावर एक नंबरची कामटी खुर्चीकडे वळवली. खुर्ची तिथेच होती.

पुढची फेरी त्यांची. मी दोन्ही पट्ट्या विणू शकत होते, वैदेहीही तेच म्हणाली. घालून पाहिली. माझ्या हातून त्यांची फेरी घट्ट आली, खालच्या फेऱ्यांत ती परकी दिसत होती. मुद्दाम सैल घातली. ती नुसतीच गबाळी दिसली. दोन्ही वेळा उसवली. एरवीही मी घरात दोन्ही बाजूंचं बोलत होतेच, 'चहा टाकू?' 'टाका.' तेवढं पुरे होतं. मग फक्त माझीच पट्टी पुढे नेऊन पाहिली. वैदेहीनं नकाशा बघून सांगितलं होतं तेच झालं. त्याच कामट्यांच्या पुढून, त्याच मागून. फेरीवर फेरी साचली आणि बोट लावताच घसरली.

वैदेही म्हणाली, "काकू, एक कामटी घाला. किंवा एक काढा. मग तुम्ही एकट्या विणू शकाल."

मी म्हटलं, "ह्यांनी चोवीस घातल्यात." त्यानंतर वर्षं गेली. तिनं शेड सोडली, खडकवासल्याच्या पुढे कुठेशी जागा घेतली. बिबवेवाडीतल्या त्या शेडच्या जागी आता गाड्यांची शोरूम आहे, काचेमागे एक लाल गाडी कायम वळत असते, गोल गोल.

आणि आता आमची बिल्डिंग पाडणार आहेत. सगळी पेठच पाडून बांधायला काढली आहे, आम्ही तरी कोण लागून गेलो. दिवाळीच्या आत जागा मोकळी करून द्यायची. सामान हलवणारी मुलं बघून गेली. त्यांतल्या एकानं वस्तूला हात लावून सांगितलं, "हे आडवं करून न्यावं लागेल, काकू. टेंपोत उभं नाही राहायचं." मुलगा म्हणाला, "आई, काठ न बांधता आडवं केलं तर सुटेल ना सगळं?" त्याला हे ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हटलं, "सुटेल." तो म्हणाला, "मग?"

मग काय! काठासाठी अजून चार-पाच फेऱ्या चढवायला हव्यात, आणि काठ ह्यांनी बांधायचा होता.

घट बसले, परडीतल्या मातीत धान्य पेरलं. दुपारी मी पाटाशी बसले. पायाशी वाकून आकडे पाहिले. शाई तपकिरी झाली आहे. एक, दोन, तीन, सुरेख. मग लहान, मग आणखी लहान. शेवटच्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि त्या कामटीवरून बोट वर वर नेलं. कडक, मऊ. कमर. मऊ, कडक. वर मोकळं टोक आलं. झाडं कापायची कात्री घेतली आणि शेवटच्या फेरीलगत ती कामटी कापली. आवाज फार झाला नाही. खाली ती आहे, वर नाही. ह्यांना हे अजिबात आवडलं नसतं. एवढी मोठी फट, आणि वर भागाकारही जमत नाही.

ओली पट्टी घेतली. एकीच्या पुढून, एकीच्या मागून. फेरी पूर्ण होऊन पहिल्या कामटीशी आले, जिच्या पुढून गेले होते तिच्या आता मागून. नखानं दाबलं. बसली. हलवून पाहिलं, ओढून पाहिलं. एकाच झटक्यात बसली, जशी काही इतकी वर्षं त्या एकीचीच अडचण होती. मला त्या विणीचा राग आला. इतकी सोपी नको होती.

पट्टीचं टोक खोचलं. पाट फिरवून एक नंबरची कामटी खुर्चीकडे केली आणि हात मांडीवर ठेवून बसले. खाली रस्त्यावर कुणाच्या तरी गाडीचा हॉर्न अडकला होता. मी बसूनच होते, बराच वेळ, आणि मग लक्षात आलं की पुढची फेरीही माझीच आहे.